अक्षरामागे बारा रुपये

निपाणीत माझं दुकान,
तंबाखूच्या जुन्या वखारीला पाठ लावून.
संगमरवरावर नावं कोरतो.
कन्नड, मराठी, उर्दू, सांगाल ती लिपी,
धूळ तिन्हींची पांढरीच.
अक्षरामागे बारा रुपये, ज्याचे त्यानं द्यायचे.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.

मशिदीच्या कमिटीनं देणगीदारांची यादी धाडली.
पहिलंच नाव:
अलहाज जनाब सय्यद दस्तगीरसाब इनामदार.
छिन्नी लावायच्या आधी हिशेब केला.
माणूस सुरू व्हायच्या आत
एकशेवीस रुपये झाले होते.

असर आणि मगरिबच्या मधे
पेशइमाम नूरुल्ला येऊन बसतात माझ्या स्टुलावर.
त्यांना विचारलं, ह्या सगळ्याचा अर्थ काय हो?
तसबीह फिरवत म्हणाले,
"शेख म्हणजे म्हातारा. एवढंच. पिकलेली दाढी.
सय्यद आपल्याकडं पैगंबरांचं घराणं,
पण तुझा पुतण्या दम्मामला ट्रक चालवतो ना, त्याला विचार.
तिथला पोलीस त्यालाही सय्यद म्हणतो
आणि मग पावती फाडतो.
इमाम म्हणजे पुढं उभा राहणारा.
हा बघ, माळेतला लांबट मणी,
ह्यालाही इमामच म्हणतात.
मोजताना ह्याला धरत नाहीत."

आणि मी? मी मुल्ला.
आज्याला कोगनोळीत गावची बकरी हलाल करायचा मान होता,
सुगीला पायलीभर जोंधळे.
ते हसले.
"मुल्ला, मौलवी, मौलाना, सगळी मौला ह्या शब्दाची पोरं.
मौला म्हणजे मालक.
आणि मालकानं सोडून दिलेला गुलाम,
तोही मौला.
एका घोंगड्यात दोघं झोपल्यात.
आपण कोण, ते ज्याचं त्यानं चाचपून बघावं."

चौदाव्या ओळीत होता अब्दुल. नुसता.
सेक्रेटरीनं जागा वाचवली होती.
पेशइमामांनी त्यावर बोट ठेवलं,
"'चा दास'. कुणाचा?
अर्ध्या वाक्यात माणूस दगडात अडकवू नको."
फोन लावला. रज्जाक निघाला.
रोजी देणाऱ्याचा दास,
मार्केट यार्डात हमाली करणारा.
त्या वेळी पाठीवर पोतं असावं,
आवाज वाकलेला येत होता.

सगळ्यात शेवटी खैरूनबी, देणगी अकराशे.
वखारीत पाला निवडते, बोटं कायमची तपकिरी.
गल्लीत बाई गेली की गुसलाला हिलाच बोलावणं जातं.
वाचता येत नाही, म्हणून स्वतः आली.
"माझ्या नावाचं किती?"
खै, रू, न, बी. अठ्ठेचाळीस.
"बी काढ. छत्तीसात भागतंय."
म्हटलं, खाला, बी म्हणजे मान असतो. बाईसाहेब.
"ठावं हाय रं.
हज्जनबी म्हणू नको, इनामदारांची बडी भाभी म्हणू नको,
समद्या माझ्या फळीवर आल्या.
आधी बांगड्या उतरवते, मग कानातलं.
मग उजवीकडनं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर.
तिथं कुणाला काय म्हणून हाक मारायची?
मी बेटी म्हणते.
माझ्याहून थोरलीला बी बेटीच.
अजून कुणी चूक काढली न्हाई."

तिनं छत्तीस मोजून ठेवले, सहा सुटे.
मी बी कोरला.

वरच्या बिरुदांनी जागा खाल्ली होती,
शेवटची ओळ पार कोपऱ्यात गेली.
दगड बसवताना गवंड्याचं सिमेंट
त्या कोपऱ्यावर चढलं, आणि वाळलं.

शुक्रवारी ती रस्त्यापलीकडं उभी,
हातात भाजीची पिशवी, उन्हाला आडवा पदर.
"हाय का रं?"
आहे.
"आणि बी?"
मी वळून बघितलं.
खै, रू, न स्वच्छ दिसत होतं.
चौथं अक्षर सिमेंटात,
वर फक्त वेलांटी राहिलेली,
डोक्यावरनं घेतलेल्या पदरासारखी.

वेलांटीचे मी पैसे घेत नाही.
म्हटलं, छत्तीसच झाले, खाला.
ती बरं म्हणाली आणि
पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली.